मुलीला झालेले फायदे

मुंगीचा पुढचा दात रविवारी सकाळी तुटला, आणि ती हसत घरी आली.

दारात उभं राहून तिनं हेल्मेट काढलं. गुडघ्यापर्यंत चिखल, हनुवटीला चिकटपट्टी, आणि वरचा डावा दात तिरका, अर्धा गेलेला. "आई, शांत राहा," ती म्हणाली, पण 'शांत'मधला 'श' शिट्टीसारखा निसटला आणि ती स्वतःच खो खो हसत सुटली.

तिच्या आईला काय करावं सुचेना. मुलगी रडत आली असती तर पुढचं सगळं ठरलेलं होतं. आधी पोटाशी धरायचं, मग चार शब्द सुनवायचे, मग सायकल माळ्यावर. पण हसणाऱ्या मुलीला पोटाशी कसं धरतात?

त्यात दात हा तिच्या आईचा धंदा. दंतवैद्याच्या दवाखान्यामागे एक अरुंद खोली होती, तिथं बसून ती गेली अठरा वर्षं कवळ्या आणि कॅप बनवत होती. गल्लीत तिला सगळे कवळीवाल्या बाई म्हणत. प्लॅस्टरचा साचा, त्यावर मेण, मेणात एकेक दात, आणि ओठावर जीभ घट्ट दाबून चाललेलं काम. बाईंचं काम इतकं नेमकं असायचं की कवळी बसवल्यावर म्हातारी माणसं आरशात बघून आपल्याच तरुणपणाला ओळख द्यायची. अशा बाईंच्या घरात अर्धा दात हसत हसत फिरत होता.

"तुकडा कुठंय?" त्यांनी विचारलं. दुसरं काही सुचलंच नाही.

"उचकीत पडला. शोधला आम्ही. सहा जणी रांगत होतो."

"उचकीत?"

"एक जागा आहे गं. तिथं वाट एकदम तुटते, हातभर खाली. जाताना पोटात उचकी लागल्यासारखं होतं, म्हणून उचकी. आणि तिच्याआधी मुळंच मुळं आहेत, तो कंगवा."

आठ महिन्यांपूर्वीपर्यंत ही मुलगी सलग एवढी वाक्यं बोललेली बाईंना आठवत नव्हती.

मुंगी हे नाव तिला लहानपणीच पडलं होतं. अंगानं बारीक, आणि आईच्या मागून चालायची ती अशी, की आई डावीकडे वळली की ही डावीकडे, आई थांबली की ही थांबली. बोलताना तोंडावर हात. काहीही विचारा, उत्तर एकच: चालेल. हा फ्रॉक? चालेल. मावशीकडे राहशील? चालेल. "आमची मुंगी शब्दाबाहेर नाही," असं बाई शेजारणींना सांगत, आणि सांगताना त्यांचा आवाज थोडा मऊ व्हायचा. सायकलीच्या गटातही ती अशीच गेली होती. शाळेनं प्रत्येक मुलीला एक उपक्रम निवडायला सांगितला. चित्रकला भरली होती, बुद्धिबळ भरलं होतं, उरली ती डोंगरावरची सायकल. मुंगी म्हणाली, चालेल. चौदाव्या वर्षी तिच्या हातात जाड टायरची, शाळेचीच एक जुनी सायकल आली.

संध्याकाळी तिचे बाबा कामावरून आले. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. मुलीचं तोंड त्यांनी बॅटरीच्या उजेडात पाहिलं, मोटार तपासावी तसं. "माणसं वरून खाली पडू नयेत म्हणून मी आयुष्य घालवलं," ते म्हणाले, "आणि ही मुद्दाम वर जाऊन खाली येते." पण त्यांना हसू येत होतं. बाईंना त्या हसण्याचाही राग आला.

सोमवारी डॉक्टरांनी तपासलं. ते बाईंचे मालक, आणि आता म्हातारे होत आलेले. "नस शाबूत आहे. नशीब. कॅप बसवून टाकू. तुमची मुलगी, तुमचाच हात, मी फक्त चिकटवायचा धनी."

बाईंनी ती कॅप चार दिवस केली. एरवी दोन पुरतात. छटांची पट्टी मुंगीच्या ओठाशी धरून त्यांनी खिडकीच्या उजेडात सोळा दातांचे रंग लावून पाहिले, कडेला किंचित निळसर झाक घेतली, शेजारच्या दातावर होती तशी एक बारीक उभी रेघही ओढली. गुरुवारी शाळा सुटल्यावर मुंगी खोलीत आली. बाईंनी डबी उघडून दिव्याखाली धरली.

मुंगीनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. "किती मस्त केलंयस गं," ती म्हणाली. "पण आत्ता नको."

"म्हणजे?"

"परत पडले तर परत मोडेल ना. मे महिन्यात आमचं सायकलिंग संपतं. मग बसवू. डॉक्टरकाका म्हणाले, तोपर्यंत नुसता लेप लावला तरी दाताला काही होत नाही. मी विचारलं त्यांना."

"मला न विचारता त्यांना विचारलंस?"

"दात माझा आहे ना आई," मुंगी म्हणाली. उद्धटपणे नाही, कुणी घड्याळात किती वाजले सांगावेत तसं.

बाईंनी डबी मिटली. परत पडले तर, असं ही पोरगी म्हणाली होती. म्हणजे परत पडायचं तिनं धरलेलंच होतं. आणि कारण बघावं तर चोख. त्यांनी स्वतः एखाद्या गिऱ्हाइकाला हेच सांगितलं असतं. मग आपल्याला राग कसला आला?

त्याच दिवशी मुंगीच्या दप्तरातून शाळेचा कागद निघाला. मुलीला इजा झाल्यामुळे एका पालकांनी तक्रार केली होती. मुलींचा सायकल गट चालू ठेवावा की बंद करावा, यावर पुढच्या शनिवारी सभा होती, आणि तोवर प्रत्येक पालकानं आपलं मत लिहून आणायचं होतं. कागदावर मथळा होता: 'डोंगरी सायकलिंगमुळे आपल्या मुलीला झालेले फायदे'. खाली तीन ओळींची जागा. तोट्यांना जागाच नव्हती.

बाईंना आधी वाटलं, तक्रार आपल्याच नावावर झाली की काय. पण तक्रार औषधाच्या दुकानवाल्यांची होती. त्यांची मुलगी याच गटात होती. ती उंच, म्हणून तिला सगळ्या शिडी म्हणत. तिला खरचटलंसुद्धा नव्हतं.

"माझा दात, आणि तक्रार तिच्या बाबांची," मुंगी म्हणाली आणि पाव तोडून दुधात बुडवायला लागली. समोरच्या दातांनी तिला चावता येत नव्हतं.

शुक्रवारी रात्रीचं जेवण झाल्यावर बाई कागद घेऊन बसल्या. पहिल्या ओळीत त्यांनी लिहिलं, 'भूक वाढली.' मग खोडलं. शाळेला कशाला सांगायचं? झोप शांत लागते, हे खरं होतं. पाय दणकट झाले, हेही. पंक्चर काढता येतं. पण ते ती जेवणाच्या टेबलावर काढते. गणितात सहा गुण कमी आले. आरशापुढे उभी राहत नाही, हा फायदा की तोटा? पूर्वी एकटी राहायला घाबरायची, आता एकटीच खोलीचं दार लावून बसते. परवा मामानं सुट्टीतल्या शिकवणीचं विचारलं तर 'चालेल' म्हणायच्या ऐवजी म्हणाली, "आधी बघते कशी आहे ती." मामा हिरमुसला. आजकाल सगळ्यालाच म्हणते, आधी बघते.

"तुम्हीच लिहा," त्यांनी नवऱ्याकडे कागद सरकवला.

त्यांनी वाचून परत दिला. "मला फायदा दिसतोय, पण त्याला काय म्हणतात ते माहीत नाही."

"हे लिहू?"

"लिही की."

बाईंनी पेनाचं टोपण लावलं. रविवारी स्वतः जाऊन बघायचं, असं त्यांनी ठरवलं.

टेकडी जुन्या दगडखाणीच्या मागे होती. बाई चालत चढल्या तेव्हा त्यांचा जीव मेटाकुटीला आला, आणि पोरी त्यांच्या शेजारून सायकल ढकलत गप्पा मारत वर गेल्या. गटाला शिकवणाऱ्या टपालताई सगळ्यात मागून येत होत्या. साठीच्या, कमरेला हत्यारांची पिशवी, पोटऱ्या दगडासारख्या. पंचवीस वर्षं त्यांनी डोंगरातल्या वस्त्यांवर सायकलीनं टपाल वाटलं होतं.

"रागावलात ना माझ्यावर?" त्यांनीच सुरुवात केली.

"माहीत नाही," बाई म्हणाल्या. खरंच माहीत नव्हतं.

"पडली तेव्हा मी दहा पावलांवर होते. पुढचा ब्रेक जोरात दाबला तिनं. मी ओरडले, पण उशीर झाला. तुमच्या घरी यायला हवं होतं मी. धीर झाला नाही."

यावर काय बोलायचं ते बाईंनी तयार करून आणलं होतं, पण समोरचं माणूस आधीच कबूल करून मोकळं झाल्यावर त्यातलं काही वापरता येईना.

उचकी त्यांना लगेच ओळखू आली. मुळांचा कंगवा संपतो तिथं वाट खरोखरच तुटली होती आणि हातभर खाली पुन्हा सुरू झाली होती. बाई एका झाडाला धरून उभ्या राहिल्या. एकेक मुलगी वरून आली, काही उडी घेऊन खाली उतरल्या, काहींनी सायकल उचलून खाली ठेवली. मग मुंगी आली. आता ही दाखवणार, असं त्यांना वाटलं. दात तोडणाऱ्या जागेला ही आता धडा शिकवणार, मैत्रिणी टाळ्या वाजवणार, आणि टपालताई आपल्याकडे वळून म्हणणार, बघा, हा फायदा.

मुंगी कडेला थांबली. सायकल आडवी ठेवली. उचकीच्या टोकाशी उकिडवी बसली, हातानं खालची माती चाचपली. रात्री दव पडून ती ओली झाली होती. ती उभी राहिली आणि मागच्यांना ओरडून म्हणाली, "मी आज नाही जाणार!" सायकल खांद्यावर घेतली आणि पायी उतरली.

कुणी हसलं नाही. मागची म्हणाली, "बरं, मग बाजूला हो," आणि स्वतः सायकलवरूनच गेली. एवढंच.

बाई टपालताईंकडे वळल्या. "घाबरली का ती?"

"घाबरली असेल. मी विचारत नाही. आमचा एकच नेम आहे. नवीन जागा असो नाहीतर जुनी, आधी पायांनी उतरून बघायची. मग ज्याचं त्यानं ठरवायचं. हो म्हटलं तरी ठीक, नको म्हटलं तरी ठीक. पण 'चालेल' म्हणायचं नाही. पहिल्या महिन्यात तुमची पोरगी प्रत्येक उताराला चालेल म्हणायची. मला तिचीच सगळ्यात जास्त भीती वाटायची."

"तिची? ती तर शब्दाबाहेर नव्हती."

"म्हणून तर," टपालताई म्हणाल्या आणि कुणाची तरी साखळी निघाली होती तिकडे गेल्या.

बाई परत येताना वाट चुकल्या. सरळ रस्ता होता, तरी खाणीच्या भलत्याच बाजूला उतरल्या. शब्दाबाहेर नव्हती म्हणून भीती? चौदा वर्षं ज्या गोष्टीचं आपण चारचौघांत कौतुक केलं, तिचीच या बाईला भीती वाटली, आणि ती बाई काही मूर्ख दिसत नव्हती. आपण मुलीला धीट झालेली बघायला आलो होतो की भित्री झालेली? तिनं उडी घेतली असती तर आपण हा गट बंद करा म्हणालो असतो. तिनं घेतली नाही, तर आपल्याला थोडं वाईट का वाटलं? खाणीच्या तळाशी साचलेल्या हिरव्या पाण्यापाशी त्या पाच मिनिटं उभ्या राहिल्या, मग एका राखणदाराला विचारत विचारत घरी आल्या.

शनिवारी सभेला वर्गातल्या बाकांवर अकरा पालक बसले होते, गुडघे पोटाशी घेऊन, कारण बाकं लहान होती. मुख्याध्यापिका टेबलाशी. टपालताई मागे भिंतीला टेकून उभ्या.

औषधवाले बोलायला उठले. बाईंना वाटलं होतं, माणूस तावातावानं बोलेल. पण ते अगदी हळू बोलले. "फायद्यांची यादी मीही वाचली आहे. फुप्फुसं सुधारतात, हाडं मजबूत होतात, आत्मविश्वास वाढतो. नाही कुठं म्हणतोय मी? पण हे सगळं पोहण्यानंही होतं. पाण्यात दात तुटत नाहीत. माझ्या दुकानात रोज माणसं मलमपट्टी घ्यायला येतात हो. रविवारी फोन वाजला की मी आधी मुलीचं नाव मनात घेतो आणि मग उचलतो. मला हे नको आहे."

बाईंनी मान डोलावली. त्यांचं सगळं पटलं होतं. शेवटचं वाक्य तर त्यांच्याच मनातलं होतं.

"आता ज्यांच्या मुलीला लागलं त्या," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "तुमचा कागद कोराच आहे?"

"हो. म्हणजे, लिहिलं होतं. खोडलं." बाई उभ्या राहिल्या. आयुष्यात कधी सभेत बोलल्या नव्हत्या. "मला फायदा कुठला आणि तोटा कुठला ते वेगळं काढता येत नाहीये. पूर्वी माझी मुलगी कशालाही नाही म्हणायची नाही. मला आवडायचं ते. आता म्हणते. मी चार दिवस खपून दात केला, तर म्हणाली आत्ता नको. मामाला म्हणाली आधी बघते. घरात हा तोटाच आहे, खरं सांगते, फार त्रास होतो."

दोन-तीन आया हसल्या. बाई हसल्या नाहीत.

"पण रविवारी मी टेकडीवर गेले. तिनं उतार बघितला, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, मी नाही जाणार. मी विचार करत होते, ती उद्या मोठी होईल. कुणीतरी तिला म्हणेल, चल इकडे, बस गाडीत, कर सही. तेव्हा ती चालेल म्हणेल की आधी बघते म्हणेल? मला वाटतं, बघते म्हणेल. मग तेच घरात म्हणाली तर मी चिडायचं का? आणि हे पोहण्यानं होतं का? होतही असेल. मला पोहता येत नाही."

त्या बसल्या. मग अर्धवट उठून म्हणाल्या, "आणि दात तुटला त्याचं मला अजून वाईट वाटतं."

मुख्याध्यापिकांनी पेन कागदावर टेकवून ठेवलं होतं. "म्हणजे तुमचं मत बाजूनं धरू की विरुद्ध?"

"तेच तर मला कळत नाही," बाई म्हणाल्या.

वर्गात हशा पिकला. औषधवाल्यांनाही हसू आवरलं नाही. मुख्याध्यापिकांनी थोडा विचार करून निर्णय दिला. गट चालू राहील. पण उचकीसारख्या जागी टपालताई खाली उभ्या असल्याशिवाय कुणी उतरणार नाही, दातांसाठी रबरी कवच सगळ्या घालतील, आणि दर रविवारी दोन पालक आळीपाळीनं वाटेवर उभे राहतील. धोका वाटला तर त्यांनी शिट्टी वाजवायची. शिट्टी वाजली की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं.

"मला पुन्हा कळेनासं झालंय," घरी जाताना बाई नवऱ्याला म्हणाल्या. "मी कुणाच्या बाजूनं बोलले?"

"मुंगीच्या," ते म्हणाले. मग दहा पावलांनी म्हणाले, "बहुतेक."

मुंगीला सभेत काय झालं ते शिडीकडून आधीच कळलं होतं. ती रागावली होती. "माझं सगळं घरचं सांगितलंस तिथं. आधी विचारायचंस तरी." बाईंनी माफी मागितली. मुलीची माफी मागण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती, आणि मागून झाल्यावर दोघींनाही पुढं काय करायचं ते कळेना, म्हणून दोघी मिळून भांडी पुसत बसल्या.

पहिली पाळी चिठ्ठ्या टाकून ठरली होती. कवळीवाल्या बाई आणि औषधवाले.

औषधवाले भली मोठी पिशवी घेऊन आले होते. त्यात पट्ट्या, बर्फाची पाकिटं, मान आवळायचा पट्टासुद्धा. शिट्टी बाईंच्या गळ्यात होती. दोघं उचकीच्या खालच्या अंगाला उभे राहिले. टपालताई त्यांच्यापुढं, दोन्ही हात मोकळे सोडून. ऊन चांगलं पडलं होतं, माती कोरडी होती.

पहिली आली ती शिडी. टोकाशी थांबली, उतरली, सायकल आडवी ठेवून पायी खाली आली. बापाकडे तिचं लक्षही गेलं नाही. पुन्हा वर गेली, पुन्हा खाली आली, एका दगडावर पाय देऊन तो हलतो का पाहिलं.

"नाही जमणार म्हणतेय," औषधवाले हळूच म्हणाले. त्यांनी सोडलेला श्वास बाईंना ऐकू आला. "बरं झालं. शहाणी आहे."

शिडी वर गेली, कंगव्याच्या मागे दिसेनाशी झाली. आणि मग चाकांचा खडखडाट आला.

"शिट्टी," औषधवाले म्हणाले. "अहो, शिट्टी वाजवा!"

बाईंनी शिट्टी ओठांत धरली. छातीत श्वास भरला. टपालताई वाकून तयार उभ्या होत्या. शिडी मुळांवरून आली, हात ताठ, पाठ मागे, तोंड घट्ट मिटलेलं, आणि डोळे मात्र पुढं, खालच्या वाटेवर, कुठं उतरायचं ते ठरवून ठेवल्यासारखे. आता वाजवली तर ती ऐन टोकावर ब्रेक दाबेल. नाही वाजवली तर? बाईंना काहीच ठरवता आलं नाही, आणि तेवढ्यात चाकं मोकळी झाली, धप्प करून जमिनीवर आली, सायकल डावीकडे लचकली, सावरली, आणि शिडी त्यांच्या शेजारून वाऱ्यासारखी खाली निघून गेली. वळणापलीकडून तिचा आवाज आला. किंकाळी की हसणं, ते कळलं नाही.

औषधवाले पिशवी छातीशी धरून उभे होते. त्यांचे डोळे भरले होते आणि ते चिडलेलेही दिसत होते.

"का नाही वाजवलीत?"

"वाजवणार होते," बाई म्हणाल्या. "मग वाटलं, तिनं दोनदा बघितलंय. मी एकदाही नाही."

ते रुमाल काढून चष्मा पुसायला लागले, पुसलेलाच पुन्हा पुसला. "आता घरी गेल्यावर मी हिला काय म्हणू? शाबास म्हणू की रागावू?"

"मला विचारू नका हो," बाई म्हणाल्या. "माझं तर शनिवारी सगळ्यांनी ऐकलंच."

टपालताईंनी मागे न बघताच हात हलवून त्यांना सरकायला सांगितलं. वरून मुंगीची आरोळी आली, "येतेय!", आणि दोघंही घाईघाईनं वाटेतून बाजूला झाले.